न्यूरेंबर्ग: आई-बाबा, दहा वर्षांचा मुलगा आणि विमान कुठे उतरवू?

सिंहगडरोड | १६ फेब्रुवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

मे महिन्याच्या शेवटी जर्मनीला जायचं घाटतंय. आम्ही दोघं, आई (६८), बाबा (७२) आणि चिरंजीव (१०). रोज नवं शहर, रोज बॅगा भरा असला प्रकार नको आहे. एकाच ठिकाणी मुक्काम ठोकायचा आणि तिथून आजूबाजूचं बघायचं. ते ठिकाण म्हणजे न्यूरेंबर्ग. निवड बाबांची. जन्मभर वकिली केलेला माणूस, महायुद्धानंतर नाझी नेत्यांवर चाललेल्या न्यूरेंबर्ग खटल्याबद्दल तरुणपणी वाचलेलं अजून तोंडपाठ आहे. ते कोर्ट एकदा डोळ्यांनी बघायचंय म्हणतात. चिरंजिवांना रेल्वेपलीकडे जग नाही. आई शुद्ध शाकाहारी, अंडंही चालत नाही. बाबांचे गुडघे चढ आला की बोलायला लागतात. बायको म्हणते शहर सुंदर असेल तर माझी ना नाही, पण पोराला हिटलरच्या जागा दाखवायच्या की नाही यावर घरात एकमत नाही.

विमान मुंबईहून. थेट फ्रँकफर्ट घेऊ, थेट म्युनिक घेऊ, की मध्ये बदलून सरळ न्यूरेंबर्गच्या विमानतळावर उतरू? ट्रॅव्हलवाला म्हणतो न्यूरेंबर्गला अर्धा दिवस खूप झाला, उरलेले दिवस स्वित्झर्लंडला द्या. खरंय का? आणि व्हिसाच्या मागे आत्तापासून लागायला हवं का?

इथे शोधलं, पण सगळे धागे म्युनिक नाहीतर बर्लिनवर आहेत.

रुळावरचा | १६ फेब्रुवारी, रात्री १०:२५

चिरंजिवांना आमचा सलाम. आधी विमानाचं बोलू.

लुफ्तान्साची मुंबईहून थेट विमानं फ्रँकफर्टलाही आहेत आणि म्युनिकलाही. बहुतेक मध्यरात्रीनंतर सुटतात आणि सकाळी पोचतात. नकाशात म्युनिक जवळ दिसतं म्हणून लोक म्युनिक घेतात आणि तिथे फसतात. म्युनिकच्या विमानतळावर लांब पल्ल्याची गाडी येतच नाही. आधी लोकल धरून पाऊण तास शहरातल्या मुख्य स्टेशनात जायचं, तिथे बॅगा ओढत फलाट बदलायचा, मग इंटरसिटी एक्सप्रेसने तासाभराहून थोडं जास्त. फ्रँकफर्टला मात्र विमानतळालाच लांब पल्ल्याचं स्टेशन आहे, टर्मिनल १ पासून चालत, वरून झाकलेल्या पुलाने. तिथून न्यूरेंबर्गला थेट गाडी मिळते, अडीच तासांच्या आत. ज्येष्ठ मंडळी आणि सामान असेल तर माझं मत डोळे मिटून फ्रँकफर्ट.

न्यूरेंबर्गचा विमानतळ छोटा आणि गोड आहे. बाहेर पडलात की जमिनीखालीच यू-२ मेट्रो, बारा-तेरा मिनिटांत मुख्य स्टेशन. पण भारतातून थेट विमान नाही. इस्तंबूल, झुरिक, अ‍ॅमस्टरडॅम, फ्रँकफर्ट असं कुठेतरी बदलावं लागतं. भाडं चांगलं मिळालं आणि मधला थांबा माणुसकीचा असला तर हाही पर्याय वाईट नाही.

रेल्वेचं तिकीट काढताना एक पथ्य पाळा. स्वस्तातलं तिकीट त्याच एका गाडीला बांधलेलं असतं. विमान उशिरा आलं आणि गाडी चुकली, तर तिकीट वाया. त्यापेक्षा विमान कंपनीकडूनच विमान आणि रेल्वे असं एकत्र तिकीट घ्या, म्हणजे पुढची सोय त्यांची जबाबदारी. नाहीतर किमान तीन तासांचं अंतर ठेवा. आता युरोपात शिरताना बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन नोंद करायची नवी पद्धत आली आहे, ती ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागली, त्यामुळे रांग किती हा नेम नाही.

आणि जर्मन गाड्या घड्याळाच्या काट्यावर धावतात ही गोष्ट आता आजोबांच्या काळातली. २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या जेमतेम ६२ टक्के गाड्या वेळेवर होत्या, आणि त्यातही सहा मिनिटांच्या आतला उशीर ते उशीर धरत नाहीत.

सिंहगडरोड | १६ फेब्रुवारी, रात्री १०:५०

@रुळावरचा, म्युनिकचं तिकीट जवळजवळ काढलंच होतं. थांबवलं. धन्यवाद!

एर्लांगेनची काकू | १७ फेब्रुवारी, दुपारी १:१०

मी इथेच, न्यूरेंबर्गपासून रेल्वेने वीस मिनिटांवर राहते. नावातच सगळं आलं.

तुमच्या ट्रॅव्हलवाल्याला नमस्कार सांगा. अर्धा दिवस म्हणजे बस थांबवायची, चौकात फोटो, कारंज्याची सोन्याची कडी फिरवायची आणि चला रोथेनबुर्गला. असे जथे मी रोज बघते. न्यूरेंबर्गला तीन पूर्ण दिवस हवेतच, ज्येष्ठांबरोबर चार.

शहराची रचना सोपी आहे. जुनं गाव तटबंदीच्या आत, ही तटबंदी आजही जवळजवळ चार किलोमीटर उभी आहे. मधून पेग्निट्स नदी. दक्षिणेला मुख्य स्टेशन आणि सेंट लॉरेन्झ चर्च, उत्तरेला टेकाडावर कैसरबुर्ग किल्ला. सगळे पर्यटक स्टेशनातून निघतात आणि वर वर चढत किल्ल्याशी पोचेपर्यंत धापा टाकतात. तुम्ही उलटं करा. मेट्रोने प्लेररला जा, तिथून ४ नंबरची ट्राम धरून टियरगार्टनर टोरला उतरा. तटाच्या दरवाजातून आत शिरलात की समोर चित्रकार ड्युररचं घर, डोक्यावर किल्ला. चढ आहे पण थोडाच. मग दिवसभर उतारावर. रस्ते दगडी आहेत, बाबांना जाड तळव्यांचे बूट घ्या, फॅन्सी सँडल नकोत.

किल्ल्यात राजवाड्यापेक्षा विहीर बघा. पन्नास मीटर खोल, खडकातून खणलेली. माहिती सांगणारी बाई तांब्याभर पाणी वरून ओतते आणि सगळ्यांना गप्प करते. आपण मनात आकडे मोजत राहतो, आता वाजेल, आता वाजेल, आणि खालून आवाज यायला जो वेळ लागतो त्याने मोठी माणसंसुद्धा एकमेकांकडे बघतात. मग मेणबत्त्या खाली सोडते. तुमचा मुलगा तिथून हलणार नाही.

चौकात, म्हणजे हाउप्टमार्क्टला, बरोबर बाराला पोचा. फ्राउएनकिर्शच्या दर्शनी भिंतीवरचं घड्याळ १५०९ पासूनचं आहे. बाराचे ठोके पडले की सात इलेक्टर, म्हणजे सम्राट निवडणाऱ्या मानकऱ्यांचे पुतळे, बाहेर येतात आणि सम्राट चौथ्या कार्लभोवती तीन फेऱ्या मारतात. १३५६ च्या ‘गोल्डन बुल’ फर्मानाची ही आठवण. सम्राट कोणी निवडायचा हे त्यात ठरलं, आणि नव्या सम्राटाने पहिली सभा न्यूरेंबर्गलाच भरवायची हेही.

लॉरेन्झ चर्चमध्ये मान वर करून शिल्पकार फाइट श्टोसची लाकडी कलाकृती बघा. देवदूत आणि मेरी, भोवती गुलाबांची मोठी माळ, सगळं छताला टांगलेलं. १५१८ साली टांगली. शेजारी आडाम क्राफ्टचा दगडी मनोरा आहे, वीस मीटर उंच, आणि टोक छताला लागलं म्हणून झाडाच्या शेंड्यासारखं वाकवलेलं. तो सगळा डोलारा गुडघे टेकून खांद्यावर पेलणारा जो माणूस खाली आहे तो खुद्द शिल्पकार. तिथे पाच मिनिटं बसाच, बाकं आहेत.

जेवणाचं नंतर लिहिते, कुकर लावलाय.

नलू_ठाणे | १७ फेब्रुवारी, दुपारी ३:३०

काकू, मस्तच लिहिलंय. वाचनखूण साठवली.

मुलाच्या बाबतीत माझं मत वहिनींसारखं. दहा वर्षांच्या पोराला सुट्टीत कशाला ते छळछावण्या आणि फाशा? खेळण्यांचं संग्रहालय आहे ना तिथे, ते दाखवा. आयुष्य पडलंय बाकीचं कळायला.

मावळतीचं ऊन | १७ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:०५

नलूताई, आदर ठेवून असहमत.

न्यूरेंबर्गला जाऊन ते टाळायचं ठरवलं तरी टळत नाही. ते ‘जुनं’ गाव तुम्ही बघाल त्यातलं बरंच १९४५ नंतर पुन्हा बांधलेलं आहे. २ जानेवारी १९४५ च्या एका रात्रीच्या बाँबवर्षावात जुन्या शहराचा जवळजवळ नव्वद टक्के भाग गेला. पोरगं विचारणारच, की एवढा जुना किल्ला आणि शेजारची घरं नवी कशी? काकूंनी सांगितलेली श्टोसची कलाकृती बाँबमधून वाचली, कारण किल्ल्याच्या टेकाडाखाली खडकात कोरलेल्या बिअरच्या तळघरांत युद्धात अशा वस्तू लपवल्या होत्या. ती तळघरं बघता येतात. मुलाला तिथूनच सुरुवात करून द्या, फाशांपासून नको.

आता कोर्ट. खोली क्रमांक ६००, न्यायालयाच्या इमारतीत वर. यू-१ मेट्रोचं बेरेनशांत्से स्टेशन, तिथून पाचेक मिनिटं चालत. २० नोव्हेंबर १९४५ ते १ ऑक्टोबर १९४६ हा मुख्य खटला चालला. निकाल बावीस जणांचा लागला: बारा फाशी, सात कैद, तीन निर्दोष. हीच इमारत का, तर बाँबवर्षावातून बऱ्यापैकी शाबूत राहिलेली आणि मागे तुरुंग जोडलेला. शिवाय ज्या शहरात नाझींचे मेळावे व्हायचे, जिथे १९३५ चे वंशकायदे जाहीर झाले, तिथेच हिशेब व्हावा यालाही अर्थ होता.

तुमच्या बाबांना वकील म्हणून जे आवडेल ते सांगतो. दालन आज खटल्याच्या वेळी होतं तसं नाही, तेव्हा पाहुणे आणि पत्रकार मावावेत म्हणून भिंत काढून वाढवलं होतं, नंतर पुन्हा आक्रसलं. पण काळपट लाकडी तावदानं तीच, दाराच्या चौकटीवरचं आदम आणि ईव्हचं शिल्प तेच, आणि आरोपींच्या बाकांमागे तुरुंगातून थेट वर येणाऱ्या लिफ्टचं दार. तिथे उभं राहिलं की अंतरं किती कमी होती ते जाणवतं. न्यायाधीश आणि हिटलरचा उजवा हात गोअरिंग एका खोलीतच होते, कुठल्या भव्य सभागृहात नव्हे.

आणि मुलासाठी: चार भाषांत एकाच वेळी दुभाषांतर करून कानात ऐकवण्याची पद्धत एवढ्या मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा इथे वापरली. बोलणारा फार वेगात गेला की दुभाषा पिवळा दिवा लावायचा, म्हणजे हळू बोला. लाल दिवा म्हणजे थांबा. प्रदर्शन वरच्या मजल्यावर आहे, कानाला लावायचं यंत्र मिळतं. मंगळवारी बंद, आणि अधूनमधून कार्यक्रमासाठी दालन बंद असतं, जाण्याच्या दिवशी संकेतस्थळ बघा.

सिंहगडरोड | १७ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:३०

बाबांना हा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. पिवळ्या दिव्याचं ऐकून आई म्हणाली, आपल्या घरी पण एक बसवा, हे जेवताना बोलायला लागले की लावायला.

उसळपाव | १७ फेब्रुवारी, रात्री ८:१५

आईंच्या खाण्याची जबाबदारी मी घेतो. फ्रांकोनिया, म्हणजे न्यूरेंबर्गच्या आसपासचा तो भाग, मांसाहाऱ्यांचा बालेकिल्ला, पण उपाशी राहायची वेळ येत नाही.

न्यूरेंबर्गचे प्रसिद्ध सॉसेज बोटाएवढे असतात, सात ते नऊ सेंटीमीटर, आत डुकराचं मांस आणि मारजोरम नावाचा सुगंधी पाला. चौकात तीन सॉसेज एका पावात घालून देतात. ज्यांना चालतं त्यांनी जरूर खावं, मी तर उभ्या उभ्या दोनदा घेतो. आईंना मे महिना फळणार, कारण तो पांढऱ्या श्पार्गेलचा, म्हणजे शतावरीच्या जाडजूड कोंबांचा हंगाम. २४ जूनला हंगाम संपतो, तोवर प्रत्येक हॉटेलात वेगळं मेनूकार्ड असतं. शहराच्या उत्तरेला विमानतळाच्या आसपास भाज्यांची शेतंच शेतं आहेत, माल तिथला ताजा. फक्त त्यावर जो पिवळा हॉलंडेझ सॉस घालतात त्यात अंडं असतं. तो नको, वितळलेलं लोणी द्या म्हणायचं. बरोबर उकडलेले बटाटे.

सावधगिरीच्या जागा: बटाट्याचं सॅलड निरागस दिसतं, पण तिकडे त्यात बहुतेक वेळा मांसाचं पाणी घालतात. बटाट्याचे मोठे गोळे, ज्यांना क्लोस म्हणतात, ते चालतील, पण वरचा रस्सा मांसाचा. कॅसश्पेट्सलं म्हणजे चीज घातलेल्या शेवया, त्या पिठात अंडं. लेबकूखन हा तिथला मसाल्याचा केक. त्यातला सगळ्यात भारी प्रकार एलिसेन, त्यात किमान पाव भाग सुकामेवा आणि पीठ दहा टक्क्यांहून जास्त नाही, पण बांधणीला अंड्याचा पांढरा. आईंना नाही, पण बाकीच्यांनी सोडू नये.

हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेली जागा घ्या. तांदूळ, डाळ, दही, भाज्या सगळं मिळतं. पुण्याहून फक्त गोडा मसाला आणि मेतकूट न्या.

आणि पाणी मागाल तेव्हा ‘श्टिल’ म्हणा, नाहीतर बुडबुड्यांचं येईल. बाटलीमागे २५ सेंट अनामत असते, रिकामी बाटली सुपरमार्केटच्या यंत्रात टाकली की परत मिळते. पोराला हा उद्योग लावून द्या.

वास्कोकार | १८ फेब्रुवारी, सकाळी ११:२०

उशिरा आलो, पण ड्युररचं घर नुसतं नाव घेऊन सोडलं याचं वाईट वाटलं. आमच्या गोव्याचा संबंध आहे त्या घराशी!

आल्ब्रेख्त ड्युरर १५०९ पासून १५२८ मध्ये वारला तोवर त्या घरात राहिला. त्याचं सगळ्यात गाजलेलं एक चित्र म्हणजे १५१५ चा गेंडा. आता हा गेंडा कुठला? गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशाह. दीवला किल्ला बांधू द्या म्हणून पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कने गोव्याहून त्याच्याकडे वकील पाठवले. सुलतानाने किल्ला नाकारला, पण रिकाम्या हाताने पाठवायचं नाही म्हणून भेटी दिल्या, त्यात एक जिवंत गेंडा. आल्बुकर्कला प्रश्न पडला असणार, की याचं करू काय. त्याने तो जानेवारी १५१५ मध्ये गोव्याच्या बंदरातून जहाजावर चढवून पोर्तुगालच्या राजाला पाठवून दिला. २० मे १५१५ ला गेंडा लिस्बनमध्ये उतरला. रोमन काळानंतर युरोपने जिवंत गेंडा बघितलाच नव्हता.

लिस्बनहून न्यूरेंबर्गच्या व्यापाऱ्यांकडे पत्र आणि रेखाटन आलं. ड्युररने त्यावरून लाकडात चित्र कोरलं. गेंडा स्वतः कधीच बघितला नाही. म्हणून तर त्याच्या अंगावर चिलखतासारखे पत्रे आहेत, पायांवर खवले, आणि मानेच्या मागे एक छोटं जादा शिंग, जे कुठल्याच गेंड्याला नसतं. पण छापे इतके पसरले की पुढे दोन-अडीचशे वर्षं युरोपला गेंडा म्हणजे हाच माहीत. खऱ्या गेंड्याचं मात्र वाईट झालं. राजा मानुएलने तो पोपला भेट म्हणून पाठवला आणि १५१६ च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं.

पत्र न्यूरेंबर्गला का आलं, हा खरा मुद्दा. हे शहर मसाल्याच्या व्यापारात मुरलेलं होतं. १५०५ साली पोर्तुगीजांचं जे आरमार त्यांचा पहिला व्हाइसरॉय आल्मेडा याच्याबरोबर इकडे आलं त्यात न्यूरेंबर्गच्या इम्होफ आणि हिर्शफोगेल घराण्यांचे पैसे होते. वर उसळपाव यांनी लेबकूखन सांगितला, त्यातली लवंग, वेलची, दालचिनी जर्मनीत उगवत नाही, मंडळी. केशरावर तर शहराचे तपासनीस असायचे, आणि पंधराव्या शतकात भेसळ करणाऱ्याला भेसळीच्या केशरासकट जाळल्याच्या नोंदी आहेत. आपल्याकडच्या काही दुकानदारांना ही सहल घडवायला हवी.

घरात छापखाना आहे, ठशावर शाई लावून कागद दाबून दाखवतात. जिने अरुंद आणि लाकडी, बाबांनी सावकाश चढावं. मूळ चित्रं तिथे फार नाहीत, बहुतेक प्रतिकृती, ती अपेक्षा ठेवून जाऊ नका.

नलू_ठाणे | १८ फेब्रुवारी, दुपारी १२:००

गेंड्याचं भन्नाट! हे आधी का नाही सांगितलं कुणी. मुलाला गेंडा दाखवा, नाझी नकोत. मी मतावर ठाम.

एर्लांगेनची काकू | १८ फेब्रुवारी, दुपारी २:४५

नलू, मधला मार्ग असा. कोर्टात बाबा आणि त्यांचा मुलगा, म्हणजे सिंहगडरोड, यांनी जावं. त्याच वेळी सूनबाई आणि आईंनी वाइसगेर्बरगासंमधून रमतगमत फिरावं, जुन्या चामडं कमावणाऱ्यांची गल्ली ती, लाकडी चौकटींची घरं बाँबमधून वाचलेली. पोराने कुठे जायचं ते त्याला विचारा. दहा वर्षांचा आहे, सांगेल.

नाझींच्या मेळाव्यांचं मैदान मात्र सगळ्यांनी बघण्यासारखं आहे, आणि तिथे भीती वाटण्यासारखं काही नाही. हीच त्याची गंमत. झेपेलिनफेल्डचा दगडी चौथरा, त्यावरचं प्रचंड स्वस्तिक अमेरिकन सैन्याने एप्रिल १९४५ मध्ये उडवून दिलं. आज पायऱ्यांवर गवत उगवलंय, भिंतीवर कुणी टेनिसचा चेंडू मारत असतं, पोरं स्केटिंग करतात. जिथे लाखो लोकांना एका सुरात हात वर करायला लावलं तिथे आता शेजारच्या तळ्यात बदकांना दाणे टाकतात. काँग्रेस हॉल रोमच्या कलोसियमवरून बेतलेला, पन्नास हजार माणसं मावावीत असा, कधीच पुरा झाला नाही. आत कागदपत्रांचं केंद्र आहे, पण गेली काही वर्षं तिथे नूतनीकरण चाललंय, काय उघडं आहे ते बघूनच जा.

मावळतीचं ऊन | १८ फेब्रुवारी, दुपारी ३:२०

काकूंना अनुमोदन. एक पुरवणी: त्या घड्याळाच्या चौकाचीही दुसरी बाजू आहे. तिथे आधी ज्यूंची वस्ती आणि सिनेगॉग, म्हणजे त्यांचं प्रार्थनास्थळ, होतं. १३४९ मध्ये त्याच चौथ्या कार्लच्या परवानगीने ती वस्ती पाडली, पाचशेहून जास्त ज्यू मारले गेले, आणि सिनेगॉगच्या जागी हे चर्च उभं राहिलं. बाराला सात पुतळे ज्याच्याभोवती फिरतात तो हाच. फोटो काढा, हरकत नाही, पण मार्गदर्शक हे नेहमी सांगतोच असं नाही.

रुळावरचा | १८ फेब्रुवारी, रात्री ९:००

आता चिरंजीव. बाकीच्यांनी कान बंद करा.

जर्मनीतली पहिली वाफेची रेल्वे न्यूरेंबर्ग ते शेजारचं फ्युर्थ, ७ डिसेंबर १८३५. इंजिनाचं नाव आडलर, म्हणजे गरुड, इंग्लंडहून स्टीफन्सनच्या कारखान्यातून सुटे भाग पेट्यांत भरून आणलेलं, आणि चालवणारा विल्यम विल्सन हा इंग्रजही बरोबर आलेला. आपली बोरीबंदर–ठाणे १८५३ ची, तेव्हा हे आपल्यापेक्षा अठरा वर्षांनी थोरले. रेल्वे संग्रहालय मुख्य स्टेशनापासून चालत, तिथे आडलरची प्रतिकृती आहे. १९३५ ची, २००५ मध्ये आगीत जळाली होती, पुन्हा बांधली. किमान अर्धा दिवस धरा. दहा वर्षांच्या मुलाला तिथून बाहेर काढायला लाच द्यावी लागते.

यू-१ मेट्रो फ्युर्थला जाते ती साधारण त्याच जुन्या मार्गाने. आणि यू-२, यू-३ बिनचालकाच्या. यू-३ २००८ मध्ये सुरू झाली, जर्मनीतली पहिली बिनचालक मेट्रो. सगळ्यात पुढच्या काचेशी बसायचं, बोगदा अंगावर येतो. तिथे जागेसाठी माझं एका सहा वर्षांच्या जर्मन मुलीशी शीतयुद्ध झालं होतं. ती जिंकली.

दारव्हेकर_नाही | १९ फेब्रुवारी, सकाळी १०:१०

व्हिसाचं कुणी बोललंच नाही. जर्मनीचा अर्ज पुण्यातल्या व्हीएफएस केंद्रातही देता येतो, मुंबईला जायची गरज नाही. शुल्क मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५, केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून चालतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस धरतात, पण मे म्हणजे सगळ्या महाराष्ट्राची सुट्टी, भेटीची वेळ मिळणं हाच मुख्य खेळ. आजच बघा. विमा किमान ३०,००० युरोचा हवा. ज्येष्ठांचा घेताना आधीच्या आजारांचं कलम वाचा, तिथे बहुतेक पॉलिसी हात वर करतात. बाबांचं पेन्शन आणि बँकेचं पुस्तक त्यांच्या नावाचं वेगळं लावा, खर्च तुम्ही करणार असाल तर तसं पत्रही जोडा. आणि स्वित्झर्लंड मध्ये घातलंत तर लक्षात ठेवा, जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडेच अर्ज.

सिंहगडरोड | १९ फेब्रुवारी, दुपारी १:००

स्वित्झर्लंड रद्द. आईच म्हणाली, बर्फ टीव्हीवर बघू.

एक दिवस बाहेर जायचं तर रोथेनबुर्ग की बाम्बेर्ग?

नलू_ठाणे | १९ फेब्रुवारी, दुपारी १:१५

रोथेनबुर्ग! तटावरून चालता येतं, परीकथेतलं गाव.

उसळपाव | १९ फेब्रुवारी, दुपारी १:२०

बाम्बेर्ग. रोथेनबुर्गला गावापेक्षा पर्यटक जास्त. वर दोन ठिकाणी गाडी बदला.

एर्लांगेनची काकू | १९ फेब्रुवारी, दुपारी ४:००

गुडघ्यांचा विचार करता बाम्बेर्ग. थेट गाडी, पाऊण तास. जुनं टाउनहॉल नदीच्या मधोमध पुलावर बांधलेलं, युद्धात गाव बहुतांश वाचलेलं, १९९३ पासून जागतिक वारसा यादीत. कॅथेड्रलकडे चढ आहे, तिथे बस जाते. धुरावलेल्या माल्टची बिअर तिथली खास, चवीला स्मोक्ड हॅम प्यायल्यासारखी. मला नाही आवडत, यजमानांना आवडते.

तिकिटासाठी ‘बायर्न-टिकेट’ बघा. पाच जणांपर्यंत एकच तिकीट, बव्हेरियातल्या, म्हणजे आमच्या राज्यातल्या, साध्या गाड्यांत दिवसभर चालतं. इंटरसिटी एक्सप्रेसमध्ये चालत नाही, आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतरच. तुम्ही नेमके पाच आहात.

सिंहगडरोड | २१ फेब्रुवारी, रात्री ८:३०

तिकिटं झाली! फ्रँकफर्ट, २३ मे, शनिवारी सकाळी पोचतोय. रेल्वे विमानाच्याच तिकिटात. जागा लॉरेन्झ चर्चजवळ, स्वयंपाकघरासह. आता पुढचं.

एर्लांगेनची काकू | २१ फेब्रुवारी, रात्री ९:१०

अरे, तारीख आधी विचारायची होती की! घाबरू नका, पण नीट वाचा.

२४ मे म्हणजे पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाचा रविवार, आणि दुसऱ्या दिवशी सोमवारीही सार्वजनिक सुट्टी. दोन दिवस दुकानं बंद. बव्हेरियात शनिवारीसुद्धा रात्री आठला शटर खाली. म्हणजे पोचलात की आधी दूध, दही, भाज्या, पाव घेऊन टाका, झोप नंतर. राहिलंच काही तर मुख्य स्टेशनातली दुकानं उघडी असतात, थोडं महाग पडेल. शनिवारी काढलेलं शहराचं दिवसाचं तिकीट रविवारीही चालतं, ते मात्र तुमच्या पथ्यावर.

त्याच सुमारास इथल्या शाळांना दोन आठवड्यांची सुट्टी लागते, गाड्या भरलेल्या असतात. फ्रँकफर्टहून येताना आसनाचं आरक्षण वेगळं घ्या, तिकिटात ते येतंच असं नाही. आणि आमच्या एर्लांगेनची बेर्गची जत्रा त्याच दिवसांत, १७५५ पासून भरते, बारा दिवस, टेकडीवर झाडांखाली बिअरचे बाक. संध्याकाळी न्यूरेंबर्ग–एर्लांगेन गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते, आणि बाम्बेर्गची गाडी एर्लांगेनवरूनच जाते. म्हणून बाम्बेर्गला जाल त्या दिवशी सकाळी जा आणि चारच्या आत परता.

सिंहगडरोड | २१ फेब्रुवारी, रात्री ९:२५

काकू, सोमवारी मग काय बघायचं? संग्रहालयंही बंद?

एर्लांगेनची काकू | २१ फेब्रुवारी, रात्री ९:४०

एरवी सोमवारी बरीच बंद असतात, सणाच्या सोमवारी काही उघडतात, वेळा आधी बघून घ्या. माझं ऐकाल तर रविवारी किल्ला आणि विहीर. सोमवारी झेपेलिनफेल्ड आणि तळं, ते उघड्यावरच आहे, त्याला सुट्टी नाही. मंगळवारी कोर्ट बंद, तेव्हा त्या दिवशी रेल्वे संग्रहालयाचं बघा आणि कोर्ट बुधवारी. बाबांना सकाळी दार उघडताच न्या, नंतर गर्दी वाढते.

रुळावरचा | २१ फेब्रुवारी, रात्री ९:४५

आणि परतीचं विमान जूनच्या पहिल्या आठवड्यात असेल तर मुक्काम ५ जूनच्या आत उरका. त्या शनिवार-रविवारी झेपेलिनफेल्डवर रॉक संगीताचा मोठा महोत्सव असतो, हॉटेलांचे भाव बघवत नाहीत.

सिंहगडरोड | २१ फेब्रुवारी, रात्री ९:५५

२ जूनला निघतोय. वाचलो. चिरंजीव विचारतायत, पुढच्या काचेशी बसायला किती वाजता गेलं की ती मुलगी नसेल?